घोड्यांची धावपट्टी: सिंथेटिकचा आग्रह मराठवाड्यासाठी चुकीचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घोड्यांच्या शर्यतीसाठी सिंथेटिक (वाळूत मेण, तंतू आणि रबर मिसळून केलेली) धावपट्टी सर्वांत सुरक्षित, अमेरिकेतली मातीची धावपट्टी घोड्यांचा जीव घेते, म्हणून आपल्याकडेही घोड्यांसाठी सराव-मैदाने करायची तर ती सिंथेटिकच करा, असा सूर आपल्या वाचकांच्या पत्रांत सध्या उमटतो आहे. त्यामागची घोड्यांबद्दलची कळकळ खरी आहे. पण यातले पहिले विधान अर्धेच खरे आहे, आणि शेवटची सूचना अमलात आली तर मराठवाड्यात पैसाही जाईल आणि घोड्यांचे पायही. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी आकडे. अमेरिकेत शर्यतीच्या घोड्यांची नोंदणी करणाऱ्या जॉकी क्लबने २००९ पासून शर्यतीत जायबंदी होणाऱ्या घोड्यांची नोंद ठेवली आहे. हजार धावांमागे किती घोडे दगावले, हे त्यात धावपट्टीच्या प्रकारानुसार मिळते. २००९ मध्ये मातीवर २.१०, हिरवळीवर १.७८ आणि सिंथेटिकवर १.४९. २०२३ मध्ये मातीवर १.४३, हिरवळीवर १.१३ आणि सिंथेटिकवर ०.९७. क्रम तोच राहिला, सिंथेटिक दोन्ही वेळा खाली आहे, हे मान्यच करायला हवे. पण २०२३ चा मातीचा आकडा २००९ च्या सिंथेटिकच्या आकड्यापेक्षा कमी आहे, इकडे कुणी लक्ष वेधले नाही. चौदा वर्षांत माती बदलली नाही. शर्यतीआधीची पशुवैद्यकीय तपासणी कडक झाली, औषधांवर बंधने आली, पुढच्या नालांना टोकाशी लावायच्या उंच पट्ट्या बंद झाल्या आणि धावपट्टीची खोली व ओल रोज मोजली जाऊ लागली. शिवाय या नोंदीत फक्त शर्यतीतली आणि शर्यतीनंतर ७२ तासांतली मरणे धरतात. सकाळच्या सरावात मोडलेले पाय त्यात येत नाहीत. मराठवाड्यात प्रश्न शर्यतीपेक्षा सरावाचाच जास्त आहे, त्यामुळे हा आकडा उचलून इथे लावणे बरोबर नाही.

सिंथेटिकचा इतिहासही पूर्ण सांगायला हवा. इंग्लंडमध्ये १९८९ साली लिंगफील्डच्या मैदानावर पहिली बारमाही सिंथेटिक धावपट्टी सुरू झाली, ती हिवाळ्यात जमीन गोठून शर्यती रद्द होत होत्या म्हणून. म्हणजे हा थंडी-पावसावरचा उपाय होता. पुढे कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळाने २००६ मध्ये राज्यातल्या मोठ्या मैदानांना सिंथेटिक सक्तीचे केले. त्यातल्या सांता अनिता मैदानावर ते टाकले, तर पावसाचे पाणीच निचरेना. २००८ च्या सुरुवातीला शर्यतींचे कितीतरी दिवस बुडाले, मिश्रण बदलावे लागले, आणि २०१० च्या अखेरीस तिथे पुन्हा माती आली. केंटकीतल्या कीनलँडने २००६ चे सिंथेटिक २०१४ मध्ये काढले, कॅलिफोर्नियातल्या डेल मारने २००७ चे २०१५ मध्ये. दुबईच्या मेदान मैदानानेही २०१० ला टाकलेले टॅपेटा नावाचे सिंथेटिक चार वर्षांत काढून माती आणली. यात घोडामालकांचा आणि पैजा लावणाऱ्यांचा दबाव होता, अमेरिकी घोडे दुबईला येईनासे झाले होते, हेही खरे. दुसऱ्या बाजूला कॅनडातले वुडबाइन आणि केंटकीतले टर्फवे पार्क सिंथेटिकवर टिकून आहेत. फ्लोरिडातल्या गल्फस्ट्रीमने २०२१ मध्ये नव्याने ते घेतले. जिथे हवामान जुळले आणि देखभाल नीट झाली तिथे ते चालले.

आता घोड्याच्या पायाकडे येऊ, कारण सगळा वाद तिथेच सुटतो. शर्यतीचा थरोब्रेड जातीचा घोडा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावतो. पुढचा एक खूर जमिनीवर सेकंदाचा साधारण दहावा भाग टेकतो आणि तेवढ्यात त्या एका पायावर घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. म्हणजे ४८० किलोच्या घोड्याच्या एका पायावर बाराशे किलो. त्या क्षणात खूर तीन कामे करतो. टेकताना तो थोडा पुढे घसरून थांबतो, मग सगळा भार झेलतो, आणि शेवटी टोक रुतवून जमीन मागे ढकलतो. जमिनीने आधी थोडे घसरू द्यायचे, मग खचायचे नाही आणि शेवटी टोकाला पकड द्यायची. घसरण अजिबात नसेल तर थांबण्याचा झटका खुरावरून वरच्या सांध्यात आणि नळीच्या हाडात जातो. जमीन खचत राहिली तर पायाच्या मागच्या बाजूच्या शिरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर, टेंडन) ताणल्या जातात. टोकाला पकड मिळाली नाही तर मागचे पाय आणि कंबर दमते.

मातीच्या धावपट्टीत वर तीन-चार इंच मोकळा थर आणि खाली घट्ट पाया असतो. अमेरिकेतल्या या पट्ट्यांत खरे तर ७५ ते ९० टक्के वाळूच असते, बाकी गाळ आणि थोडी चिकणमाती. खूर वरच्या थरात घसरतो, रुततो आणि खालच्या घट्ट थरावर टेकतो. वरचा थर एका जागी चार इंच आणि पुढच्या टापेला दोन इंच असेल, तर एकाच धावेत प्रत्येक पायाला वेगळी जमीन मिळते. मऊ किंवा कठीण धावपट्टीशी घोडा काही आठवड्यांत जुळवून घेतो, त्याची हाडे सरावाप्रमाणे घट्ट होत जातात. टापेटापेला बदलणाऱ्या जमिनीशी मात्र त्याला जुळवून घेता येत नाही. मेणवलेल्या सिंथेटिकने हीच उणीव भरून काढली. त्यात वाळूला तंतू, रबराचे तुकडे आणि मेणाचे आवरण असते, त्यामुळे कण पाण्याविनाच एकमेकांना धरून राहतात. पाऊस आला तरी पाणी सरळ खाली झिरपते, खुराचा पहिला आघात मातीपेक्षा सौम्य लागतो आणि मागच्या घोड्याच्या तोंडावर उडणारा मारा कमी होतो. मात्र घसरणही कमी होते, आणि मागच्या पायांच्या शिरांची दुखणी वाढल्याची तक्रार कॅलिफोर्नियातले प्रशिक्षक सातत्याने करत होते.

हिरवळीचे आपल्या राज्याला सांगायला नको. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई, दोन्हीकडच्या शर्यती गवतावरच होतात. मुळांचे जाळे माती धरून ठेवते आणि पाने आघात शोषतात. शर्यतीच्या दिवशी जमीन किती कठीण ते मोजायला पेनेट्रोमीटर लावतात. एक किलोचे वजन एक मीटर उंचीवरून दांडीवर तीन वेळा सोडायचे आणि टोक किती रुतले ते वाचायचे, इतके ते साधे आहे. प्रत्येक धावेनंतर खुरांनी उपटलेली ढेकळे माणसे हाताने बसवतात, खड्ड्यांत माती-वाळू भरतात आणि आतले कठडे सरकवून झिजलेल्या पट्ट्याला विश्रांती देतात. हे मनुष्यबळ आणि पाणी नसेल तर हिरवळ एका हंगामात संपते.

मराठवाड्यात यातले काय चालेल?

एक हजार मीटर लांब आणि दहा मीटर रुंद सराव-पट्टी धरू. क्षेत्र दहा हजार चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टर. उन्हाळ्यात गवत जिवंत ठेवायला दिवसाला सहा मिलिमीटर पाणी धरले, तर रोज साठ हजार लिटर लागते, दहा हजारांचे सहा टँकर. घोडा धावो न धावो, पाणी रोज द्यावेच लागते. शिवाय झिजलेला भाग मोकळा ठेवायला पट्टी दुप्पट रुंद हवी, म्हणजे पाणीही दुप्पट. २०१६ मध्ये ज्या लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या भागात हा हिशेब इथेच थांबतो.

सिंथेटिकला पाणी लागत नाही, हा त्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. पण आपल्याकडे मेणाला ऊन सोसत नाही. ऊन चढते तसे मेण मऊ होते आणि धावपट्टीचा स्वभाव बदलतो. डेल मारला समुद्रकाठच्या हवेतही सकाळची घट्ट, वेगवान धावपट्टी दुपारी सैल आणि संथ होते, अशी ओरड होती. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४२-४३ अंश असतात, आणि उघड्या, गडद पृष्ठभागाचे तापमान त्याहून कितीतरी वर जाते. असा ताप वर्षानुवर्षे लागला की मेणातला तेलकट अंश उडतो, कण सुटे होतात, तंतू वर येतात आणि वाऱ्याबरोबर धूळ उडू लागते. मग मेण पुन्हा चढवावे लागते. पंधरा सेंटीमीटर जाडीचा थर म्हणजे वरच्याच पट्टीला दीड हजार घनमीटर, जवळपास चोवीसशे टन मिश्रण. मेण वजनाच्या पाच टक्के धरले तरी १२० टन. ते गरम करून मिसळायची यंत्रणा आणि ते काम जाणणारा माणूस आपल्या जिल्ह्यांत नाही. आणि शेवटी हे सगळे खरवडून काढायची वेळ आली, की रबर आणि प्लास्टिकचे तंतू मिसळलेली ती वाळू कुठल्या शेतात टाकणार?

राहिली वाळूची पट्टी. ती नीट केली तर इथे चालते. पण नदीची वाळू आणून शेतात पसरली की धावपट्टी झाली, या समजुतीने घोडे लंगडतात.

पहिली गोष्ट जागेची. काळ्या रानात धावपट्टी करूच नये. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल अशा भेगा पडतात, आणि वरचा थर कितीही सपाट केला तरी एका वर्षात धावपट्टीच्या पायाला उंचवटे आणि खळगे येतात. हे सिंथेटिकखालच्या डांबरी पायालाही तितकेच लागू आहे. आपल्याकडे मुरमाड माळांना तोटा नाही, तिथेच जागा घ्यावी. काळ्या मातीशिवाय इलाज नसेल तर किमान साठ सेंटीमीटर माती उकरून काढावी, दोन्ही कडांना चर खोदावेत, तळाशी जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे म्हणजे मुरूम आणि काळी माती एकमेकांत मिसळणार नाही. मग पंधरा-पंधरा सेंटीमीटरचे मुरमाचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. काळ्या मातीत खड्डा आजूबाजूच्या पातळीच्या वर येईपर्यंत थर चढवावेत, नाहीतर पट्टीचीच नाली होते. माळावर तीस सेंटीमीटर पुरतो, त्यालाही हजारावर ब्रास मुरूम लागेल. मुरमात चुनखडीचे गोटे असतील तर चाळूनच घ्यावा. ते हळूहळू वर येतात आणि खुराचा तळवा ठेचतात. सरळ भागाला आतल्या बाजूस दोन टक्के उतार, वळणावर चार ते पाच टक्के. वळण सपाट ठेवले तर घोडा बाहेर फेकला जातो आणि आतल्या पायावर तिरका भार येतो.

वरचा थर आठ ते दहा सेंटीमीटर, २८० ते ३५० ब्रास. गोदावरीची धुतलेली, गोल दाण्याची वाळू एकटी वापरली तर दाणे एकमेकांवरून घरंगळतात, घट्ट होतच नाहीत आणि शिरा ताणतात. क्रशरची कच एकटी वापरली तर पाणी लागल्यावर रस्त्यासारखी बसते आणि तिचे धारदार दाणे खूर झिजवतात. मध्यम-बारीक वाळूत थोडा गाळ हवा, पाच ते दहा टक्के. तपासणी गवंडी करतात तीच: काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून तीन तास ठेवायचे आणि वर बसलेल्या गाळाच्या थराची जाडी पाहायची. गाळ जास्त असेल तर पावसात राड होते, अजिबात नसेल तर ओल टिकत नाही. पूर्ण पट्टीची वाळू एकदम मागवू नये. दहा-बारा मीटर लांबीच्या तुकड्यावर दोन-तीन मिश्रणे टाकून, पाणी देऊन, त्यावर घोडा चालवून, दुडकवून पाहावा आणि मगच ट्रक बोलवावेत.

ओल हा वाळूचा प्राण आहे. मूठभर वाळू दाबली तर गोळा व्हावा आणि अंगठ्याने दाबताच फुटावा. गोळा होतच नसेल तर कोरडी, अंगठ्याला पाणी लागले तर जास्त. उन्हाळ्यात सरावाच्या दिवशी पाच मिलिमीटर पाणी, म्हणजे पन्नास हजार लिटर लागते. तेही एकदम ओतायचे नाही, अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे पहाटे. गवताला रोज द्यावे लागते, इथे सराव नसेल त्या दिवशी पाणी वाचते, हा मोठा फरक आहे. टँकरला मागे भोके पाडलेला आडवा पाइप हवा. उघड्या नळीने पाणी सोडले तर टँकर जिथे वळतो तिथे चिखल आणि मध्ये कोरडे पट्टे राहतात. बहुतेक ठिकाणी घोडा नेमका त्या वळणाशीच अडखळतो.

नांगरणीबाबत एक कळकळीची विनंती. ट्रॅक्टरला वखर लावू नका. वखराची पास वाळूखाली गुळगुळीत तळ कापत जाते आणि त्या तळावर खूर सटकतो. दातांचा हलका हॅरो हवा, दात खालच्या मुरमाच्या थराला न लागता दोन सेंटीमीटर वर राहतील असे बांधलेले. रोटाव्हेटर तर मुरूमच उकरून वर आणतो. उतारामुळे आणि पावसामुळे बारीक कण आतल्या कडेला साठतात. बाहेरची बाजू मोकळी होते, आतली घट्ट. महिन्यातून एकदा ही वाळू ब्लेडने पुन्हा वर ओढावी लागते.

पाऊस येणार असेल तर वरचा थर रोलरने दाबून बंद करायचा म्हणजे पाणी वाहून जाते. अमेरिकेतही हेच करतात, आणि धोका इथेच लपलेला असतो. दाबलेली पट्टी कठीण असते. ती उकरून मोकळी केल्याशिवाय घोडा भरधाव सोडायचा नाही. २०१८-१९ च्या हंगामात सांता अनिताला तीस घोडे दगावले, त्या काळात अतोनात पावसामुळे धावपट्टी पुन्हा पुन्हा दाबली आणि उघडली जात होती. चौकशीत सगळा दोष धावपट्टीवर आला नाही, अनेक घोड्यांच्या हाडांत आधीचा बिघाड होता. तरीही मार्चमध्ये मैदान बंद ठेवून पाया आणि थर तपासावे लागले. उलट २०२३ मध्ये केंटकीतल्या चर्चिल डाऊन्सला बारा घोडे दगावले तेव्हा तपासणीत धावपट्टीत दोष सापडला नाही, तरी शर्यती दुसऱ्या मैदानावर हलवल्या. घोडा मोडला की दोष जमिनीचाच, असे धरून चालत नाही. त्यासाठी जमिनीची रोजची नोंद हाताशी लागते.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेताना लोक दात पाहतात, भोवरे पाहतात, चाल पाहतात. तो आजवर कुठल्या जमिनीवर पळाला, हे क्वचितच कुणी विचारते. कठीण माळावर वाढलेला घोडा मोकळ्या वाळूत पहिल्याच आठवड्यात भरधाव सोडला तर शिरा सुजतात. वाळूतला घोडा कठीण जमिनीवर आणला तर नळीच्या हाडाला त्रास होतो. तीन-चार आठवडे चालणे आणि दुडकी, मग हळूहळू वेग. डांबरी रस्त्यासाठी ठोकलेल्या, खिळ्यांची डोकी बाहेर ठेवलेल्या जाड नालेवर वाळूत पळवू नये. खुराची सुरुवातीची घसरण अशी नाल अडवते. नालबंदाला सपाट नाल मागावी.

जे कुणी सराव-मैदान बांधायला निघाले आहेत, मग ती संस्था असो, यात्रा समिती असो की क्लब, त्यांच्याकडे आमची मागणी सिंथेटिकची नाही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, परभणीला कृषी विद्यापीठाची माती तपासणीची सोय आहे. बांधण्याआधी वाळू आणि मुरमाचा नमुना तिथे दाखवावा. बांधल्यावर सरावाच्या दर सकाळी दर पन्नास मीटरवर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी खुणा केलेली सळई रुतवून खोली मोजावी, मुठीची ओल पाहावी, आदल्या दिवशीचा पाऊस, दिलेले पाणी, हॅरो कधी फिरवला आणि कुठला घोडा कुठे लंगडला, हे वहीत लिहून फाटकावरच्या फळ्यावर लावावे. शेजारच्या दोन मोजणीत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर त्या सकाळी भरधाव धाव बंद ठेवावी, घोडे फक्त चालवावेत आणि तेवढा पट्टा त्याच दिवशी दुरुस्त करावा.

आपला नम्र,
घोड्यांच्या मैदानांचे काम पाहणारा एक वाचक, परभणी